नाकाची नोकरी आणि ओव्याची पुरचुंडी

आमच्या घरी डब्यांची झाकणं साठतात. डबे कुठे गेले, पत्ता नाही! ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावायचे. स्वप्न मात्र वाइन हुंगून-चाखून पारखणाऱ्या टेस्टिंग पॅनेलचं! परीक्षा दिसायला सोपी. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. मी दोनदा नापास, कारण सायनस. तिसरा चान्स शेवटचा.

सासूबाई म्हणाल्या, "नाकाची नोकरी आणि नाकच बंद? तुला घेतलं कसं त्यांनी?"

मग त्यांनीच तव्यावर ओवा गरम केला, सुती फडक्यात बांधला. हुंगलं की नाक मोकळं, आणि कोमट पुरचुंडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवली की कपाळामागचं ओझंच उतरतं!

"आधी हाताला लावून बघ गं. नाहीतर उद्या डोळेही बंद!"

*

पॅनेलचे प्रमुख म्हणजे आमचे सर. लॅबमध्ये गजरा नको, परफ्यूम नको, बाम तर नकोच. दारातूनच विचारतात, "आज मेथी कोणी आणलीय?"

माझ्या शेजारची रोहिणी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, काल रात्री खाल्ली होती!"

आणि सर बाटलीचं लेबल कधी बघत नाहीत. "वाचायचंच असेल, तर देवाने नाक कशाला दिलंय?"

*

अशा माणसाच्या लॅबमध्ये मी अ‍ॅप्रनच्या खिशात पुरचुंडी नेली. शहाणीच मी!

सर थबकले. "कोणीतरी ओव्याच्या पुऱ्या तळल्यात."

रोहिणी मदतीला धावली. "सर, आज हिचा वाढदिवस ना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. माझा वाढदिवस मेमध्ये असतो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लॅबला पुऱ्या मात्र खऱ्या तळाव्या लागल्या!

*

तेव्हापासून शेक रिक्षातच. गंगापूर रोडला मागे टेकून बसले होते, डोळ्यांवर पुरचुंडी. ओवा जरा कडक होता, नाक सूं सूं वाजत होतं.

रिक्षावाले काका आरशातून बघत होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "ताई, माहेरी सोडू का? पैसे नका देऊ."

*

परीक्षेच्या सकाळी चमत्कार! नाक चक्क मोकळं. तरी आधाराला पुरचुंडी डब्यात, डबा पर्समध्ये. झाकण अर्थातच दुसऱ्याच डब्याचं. कॉरिडॉरमध्ये ते निसटलं, आणि सगळीकडे ओव्याचा घमघमाट!

समोरून सर. मी डोळेच मिटले. सर काही न बोलता निघून गेले. मला वाटलं, दया आली असेल.

पर्स बाहेर ठेवून, हात धुऊन आत बसले. सरांनी स्वतः ग्लास भरले. नेहमीसारखे, बाटल्या नुसत्या हुंगून.

मी पहिला हुंगला. दुसरा. तिसरा. परत पहिला.

"सर, तिन्ही सारखेच आहेत."

"शक्यच नाही. मी भरलेत!"

एखादा नंबर ठोकून द्यावा, लागला तर लागला! पण नाक ऐकेना.

"सारखेच आहेत, सर."

सरांनी ग्लास हुंगला. परत हुंगला. मग दुसरा. मग खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले, लालभडक, सुजलेले.

मी बाहेर गेले, पुरचुंडी आणली, टेबलावर ठेवली.

सर उठले. दार लावून आले. पुरचुंडी नाकाला लावली, दोन दणदणीत शिंका दिल्या, डोळे पुसले. आणि तिन्ही ग्लास पुन्हा सावकाश हुंगले.

"सोमवारी पॅनेलला या," म्हणाले आणि दाराकडे निघाले.

टेबल रिकामं होतं.

"सर, माझी पुरचुंडी?"

सरांनी कोटाचा खिसा वरून नीट दाबला.

"कसली पुरचुंडी?"