बहिणीला रजई चालते का

बालाघाटात मुनव्वर मन्सुरीने भरलेली रजई नाही असं घर शोधून सापडणार नाही. निदान त्याचं म्हणणं तसं. गाद्या-रजया भरण्यात त्याचा जन्म गेला. देण्याच्या बाबतीत मात्र हात कायम आखडता. गिऱ्हाइकाला चहा पाजला तरी तो गादीच्या दरात धरायचा.

गेल्या पावसाळ्यात त्याचं रुई पिंजायचं यंत्र बसलं ते कायमचं. नव्यासाठी पैसे दिले राजेगावच्या थोरल्या बहिणीने, बिलकीसआपाने. आपा विधवा, शिवणकामावर पोट भरून चार पैसे गाठीला बांधलेली. व्याज हराम, त्यामुळे त्याचं नावही निघालं नाही. पण आपाला तेवढ्यावर चैन पडेना. तिने मौलानासाहेबांना विचारून घेतलं. ते म्हणाले, कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडून भेट घेऊ नका, त्याच्या गाडीवर बसू नका, तेही व्याजातच मोडतं. आधीपासून तसं देणंघेणं चालत आलं असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हापासून आपा बालाघाटला यायची ती थर्मास घेऊन. भावाच्या दुकानात बसून स्वतःचा चहा प्यायची, वर त्यालाही पाजायची. परतताना बस स्टँडपर्यंत पायी. मुनव्वर मोटरसायकल ढकलत तिच्या बाजूने चालायचा.

"पेट्रोल संपलं काय?" लोक विचारायचे.

तो "हौ" म्हणायचा. एवढा मसला भर रस्त्यात कुठे समजावत बसणार!

डिसेंबरात आपा खोकत आली. मुनव्वरला वाईट वाटलं. खरोखर वाटलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुढच्या खेपेपर्यंत त्याने रजई भरून ठेवली. नवी रुई, हिरवं साटीन, टाके स्वतःच्या हातचे.

"किंमत सांग, कर्जातून कापून घेते," आपा म्हणाली.

"बहिणीले रजई इकू काय मी?"

"मंग राहू दे. मले काहून जहन्नमात धाडतं?"

"तिथं रजई लागत बी नाही," मुनव्वर म्हणाला. आपा हसली नाही.

शेवटी दोघं रजई घेऊन मौलानासाहेबांकडे गेली. पायीच. रजई मुनव्वरच्या डोक्यावर.

मौलानासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "कर्ज से पहले बहन को कुछ देते थे क्या? ईद पर, ठंड में? आदत रही हो तो जायज है."

नुसतं हौ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुनव्वर आठवू लागला. ईदला शेवया आणायची ती आपाच. आंबे पाठवायची तीही आपाच. इतकी वर्षं गावभर लोकांना ऊब पुरवली, आणि सख्ख्या बहिणीला रुमालही दिला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आपाच बोलली, "देत होता जी. लहानपणी एका रजईत झोपत होतो आमी. हा आपली बाजू रोज माह्यावर टाके."

मुनव्वरने तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. त्याच्या चहाच्या घोटालाही भिणारी आपा मौलानासाहेबांपुढे चक्क खोटं बोलत होती. ती रजई त्याला चांगली आठवत होती.

"फिर तो कोई हर्ज नहीं," मौलानासाहेब खुशीत म्हणाले.

"नाही जी," मुनव्वर म्हणाला. "मी ओढून घेत होतो. हे रातभर उघडी राहे."

मौलानासाहेबांनी रजई त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, पहिले कर्ज फेडा.

दोघं परत निघाली. रजई पुन्हा डोक्यावर. बरंच चालून झाल्यावर आपा म्हणाली, "हौ म्हटलं असतं त काय बिघडत होतं तुह्यं?"

"मले नाही जमलं, आपा."

"मंग लवकर फेड," ती म्हणाली. "मले लय थंडी वाजून राह्यली रे."