आप्पांचा सीन

आप्पांचा सीन मी तिसऱ्यांदा टाइमलाइनवरून उचलला, तेवढ्यात मागच्या खुर्चीतून बसवराज म्हणाला, "मॅडम, त्याला हात लावायचा न्हाय."

टाइमलाइन म्हणजे कॉम्प्युटरवरची लांब पट्टी. शूट केलेले तुकडे तिच्यावर एकापुढे एक मांडायचे, नको ते काढायचे, उरेल तो सिनेमा. हेच माझं काम. मी फिल्म एडिटर. मुंबईत बरीच वर्षं मालिका कापल्या. आता राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर माझी एडिट रूम आहे.

बसवराजचा हा पहिला सिनेमा. हरवलेली म्हैस शोधत राधानगरीच्या रानात भटकणारी एक बाई, एवढीच गोष्ट. पण पोरानं शूट असं केलं होतं की माझ्यासारखी मुरलेली बाईसुद्धा म्हैस सापडते का म्हणून स्क्रीनला चिकटून बसली. आणि ऐन मोक्याला, चिखलात खुरांचे ठसे दिसल्या दिसल्या, ती बाई एका किराणा दुकानात चहाला थांबते. दुकानदार तिला आपल्या तरुणपणाची हकिकत सांगतो. सहा मिनिटं. त्यात म्हैस कुठंच नाही.

दुकानदार म्हणजे बसवराजचे वडील, आप्पा. दुकानही त्यांचंच, निपाणीच्या अलीकडच्या एका गावात. शूटिंग संपलं आणि दोन महिन्यांत ते हार्ट अटॅकनं गेले. घरात मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ होते, पण सगळे लग्नकार्यातले, पंगतीत वाढतानाचे. असे निवांत बसून बोलताना फक्त या सीनमध्ये.

हे माहीत होतं म्हणूनच माझा हात चालत नव्हता. सीन अर्धा करून पाहिला. मागं नेला, पुढं आणला. नुसता आवाज ठेवून वर रानाचे शॉट टाकले. काही केलं तरी सिनेमा तिथं बसायचा तो उठायचाच नाही. घरी जेवताना डोक्यात तेच. नवरा काहीतरी विचारायचा, मी भलतंच उत्तर द्यायची.

मधेच पाटीलसाहेबांचा फोन. हे निर्माते. कसबा बावड्यात ऊस करतात.

"काय ओ मॅडम, सोमवारी फेस्टिवलला पाठवायचाय की. झालं का न्हाय?"

"एका सीनवर अडलंय."

"कुठला, त्या दुकानदाराचा? काढा की ओ! मला तितं झोप आलती." मग त्यांच्या लक्षात आलं. आवाज खाली गेला. "मी म्हनलो म्हणून बसूला सांगू नका."

शेवटी मीच विषय काढला. "बसवराज, सिनेमा चांगला आहे. या सीननं तो बिघडतो."

त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "मॅडम, तुमचा आवडता सिनेमा कुठला?"

आम्हाला शिकताना दाखवत तो एक परदेशी सिनेमा मी सांगितला.

"तो बेस्ट झाला. मी आवडता इचारलाय. ताप आला की कुठला लावून पडता?"

खोटं बोलवेना. लहानपणी थोरल्या बहिणीबरोबर थिएटरात पाहिलेला एक फालतू विनोदी सिनेमा आहे. हिरो दारातून आत येतो तेव्हा त्याचा शर्ट निळा असतो, खुर्चीत बसेपर्यंत पिवळा होतो. अजून बघते.

"तो तुमच्याकडं कापायला आला असता तर?"

"निम्मा काढला असता."

"मग आवडला असता?"

उगाच उठून खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. बसून तरी काय, माउस इकडून तिकडं फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी टेस्ट स्क्रीनिंग ठेवलं. म्हणजे सिनेमा अनोळखी माणसांना दाखवायचा आणि आपण सिनेमा सोडून ती माणसं बघायची. खालच्या दवाखान्यातल्या दोघी नर्स, समोरचा झेरॉक्सवाला आणि त्याची बायको आले. आप्पा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खुरांचे ठसे दिसले तसा झेरॉक्सवाला खुर्चीत पुढं सरकला. मग आप्पा आले. थोड्या वेळानं तो मागं टेकला. त्यानं मोबाइल काढला. एक नर्स दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. झेरॉक्सवाल्याची बायको हळूच म्हणाली, "म्हस ऱ्हायली की बाजूलाच."

बसवराज दाराला टेकून उभा होता. नजर वडलांवर. त्यांच्या वाक्यांबरोबर त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं खुर्च्यांकडं पाहिलं. ओठ थांबले.

माणसं गेल्यावर तो म्हणाला, "काढा."

"थोडा छोटा करून ठेवू या का? एखादं मिनिट..."

"न्हाय. अख्खा काढा. त्यांचे तुकडे करू नका."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

सीन एका बटणात गेला. बाई ठसे बघते आणि धावत सुटते. सांधा इतका छान बसला की तिथं काही होतं अशी शंकाही येऊ नये. माझंच खरं झालं होतं, पण चैन पडेना. उगाच साउंड तपासत बसले.

सिनेमा फेस्टिवलला निवडला गेला. बक्षीस मिळालं नाही, पण कुठंही रेंगाळत नाही म्हणून कौतुक झालं. पाटीलसाहेब खूश.

नंतर बसवराजचा फोन. "गावात दाखवायचाय मॅडम. आप्पांच्यासकट पायजे."

मी सीन होता तिथं, होता तेवढा परत बसवला. आणि बघायला गेले.

मठाच्या पटांगणात पडदा बांधला होता. आप्पा दिसले तसा "आप्पाऽऽ!" म्हणून गलका झाला, मग सगळं शांत. मी सवयीनं चुका बघत होते. उजेड मधेच पडतो. कॅमेरा हलतो. एका जागी आप्पा वाक्य विसरून नुसतेच हसतात. सीन संपला. पुढं बसलेली बसवराजची आई, त्याची अव्वा, मागं वळून म्हणाली, "बसू, परत लाव."

त्यानं सिनेमा मागं नेऊन परत लावला. एवढ्या माणसांत म्हशीचं कुणी विचारलं नाही.

ती कॉपी जास्त चांगली होती असं मी म्हणणार नाही. नव्हतीच. आजही कुणी विचारलं तर छोटीच दाखवा म्हणेन. फक्त तेव्हापासून मी कापलेलं काही डिलीट करत नाही. हार्ड डिस्क काय, भरली तर दुकानात दुसरी मिळते.