फिर्यादीत लिहिलेलं एक नाव

माझा तांब्याचा बंब चोरीला गेला, आणि ठाण्यात फिर्याद देताना मी संशयित म्हणून देवराव हिवाळेचं नाव लिहिलं. देवरावने बंब चोरला नव्हता. हे मला लिहितानाही साधारण ठाऊक होतं.

तो देवराव महिन्यापूर्वी गेला. दुपारी जेवून मी पानाला चुना लावत होतो, तेव्हा पोस्टातला एक माणूस सायकल टेकवून दारात उभा राहिला. म्हणाला, "हिवाळेदादा गेले, गुरुजी. बसल्याबसल्याच." मी नुसता मान हलवत राहिलो आणि पानावर चुना फासत राहिलो. पान तोंडात घातलं तेव्हा समजलं किती फासला ते. त्याच्या घरी जाऊन दोन तास बसलो, पण अक्षर बोललो नाही. लोकांना वाटलं, गुरुजींचा कंठ दाटला. माझी जीभ सोलवटली होती. आयुष्यभराच्या मित्राच्या मयतीलाही मला धड दुःखी होता आलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही बंबाची गोष्ट. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होतो. सकाळी आंघोळीला गेलो तर परसातल्या चुलखंडाशेजारी राखेचा गोल तेवढा उरलेला. सासऱ्यांनी लग्नात दिलेला बंब! मी तावातावाने ठाणं गाठलं. जमादार माझ्याच एका विद्यार्थ्याचा काका होता. त्याने कागद पुढे सरकवला. "गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुम्हीच लिहा, मी सांगतो." नाव, गाव, वस्तू, वर्णन असं सगळं झालं. मग तो म्हणाला, "संशय कोनावर?" मी म्हणालो, कोणावर नाही. "आठवा बरं. मोकळं सोडलं तं सायेब मलेच बोलते." आता, उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडू नका, असं मी पोरांना वर्षानुवर्षं बजावत आलेलो. माझ्याच्याने ती कोरी जागा बघवेना. परवाच दोन घरं सोडून राहणाऱ्या देवरावने विचारलं होतं, "गुरुजी, या बंबात पानी किती मावत असन?" मी त्याचं नाव लिहिलं आणि पुढे कारण म्हणून तेवढंच. तो अमडापूरकडून नवा आलेला, मॅट्रिक होऊन घरी बसलेला. आणि त्याच्या दारावर बुद्धाची तसबीर होती... गल्लीत दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या टाकातून इतक्या सहज उतरलं असतं का, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं टाळला. आज टाळत नाही. नसतं उतरलं.

दहाच्या सुमाराला शिपाई आले. देवराव सार्वजनिक नळावर बादली भरत होता. त्यांनी त्याला तिथूनच नेलं. बादली भरून वाहत राहिली आणि नळ बंद करायला कोणी पुढे होईना. मी खिडकीच्या फळीआडून पाहत होतो. दाराची कडी लावून मी ती पुन्हा दोनदा ओढून पाहिली. तेवढ्यात तीच कडी वाजली. बाहेर देवरावची बायको, कौसाबाई. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "गुरुजी, यायले पोलिसानं नेलं! पोस्टाची नेमनूक आली हाये, चौकशीचा कागद याच ठान्यात येनार. आज नाव लागलं तं नोकरी गेली समजा. तुम्ही शिकेल मानूस, चला ना बोलाले!"

हिला माहीत नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. ताप आहे म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात, ठाण्यातली हकिकत सकाळीच माझ्या तोंडून ऐकलेल्या आमच्या हिने आतून आवाज दिला, "चालले ना ते! चपला घालून राह्यले." चपला पुढे ठेवताना हळूच पुटपुटली, "नाव तुम्ही देलं. आता मानूसही तुम्हीच आना."

ठाण्याची पायरी चढलो तेव्हा आतल्या खोलीतून दणका आल्यासारखा आवाज आला. टेबल सरकवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगतो. फौजदार नवे, बाहेरून बदलून आलेले होते. मी काय बोलायचं ते मनात जुळवू लागलो. समोर पाण्याचा पेला होता तो उचलून मी घटाघटा प्यायलो. पेला साहेबांचा होता. त्यांनी रिकामा पेला बाजूला सारला. देवरावला बाहेर आणवलं. सदऱ्याची बाही खांद्याशी उसवलेली. मला पाहून तो म्हणाला, "सायेब, हे गुरुजी मले चांगले वयखते. यायलेच इचारा."

साहेबांनी माझाच कागद माझ्या हातात दिला. "वाचा, गुरुजी. मोठ्याने वाचा."

जन्मभर मी मोठ्याने वाचण्याचाच पगार घेतला, पण तसं वाचन पुन्हा झालं नाही. नावाशी आलो आणि थांबलो. देवराव भिंतीकडे पाहत म्हणाला, "वाचा ना." मग मी वाचलं. संशय देवराव किसन हिवाळे यांजवर आहे, कारण त्यांनी परवा बंबात पाणी किती मावते असे विचारले... फौजदारांनी विचारलं, "हे कारण?" मी हो म्हणालो. "मीही विचारतो, तुमच्या बंबात पाणी किती मावतं? मलाही आत घालणार?" जमादार खो खो हसला. साहेब हसत नव्हते. म्हणाले, "हे असंच राहिलं तर याच्या चौकशीच्या कागदावर शेरा जाईल. नको असेल तर खाली लिहा, नाव खोटं दिलं. मात्र खोट्या फिर्यादीलाही कलम आहे, आणि तुमची शाळा कुठली ते मला माहीत आहे."

त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे देवराव नव्हता. नोकरीवरून काढलेला मी होतो, माहेरी निघालेली बायको होती, खामगावचे सासरे होते. मी काय विचारलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी विचारलं, "साहेब, 'नजरचुकीने' असं लिहिलं तर चालेल का?"

"गुरुजी," देवराव इतक्या हळू बोलला की मला वाकावं लागलं, "नीट लिहा. पोस्टात वाचतीन ते."

मी लिहिलं. 'नाव मी खोटे दिले, यांजवर माझा काही संशय नाही.' जन्मात पहिल्यांदा माझं अक्षर वाईट आलं. परतताना आम्ही दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चाललो. गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला, "बंबाचं वाईट झालं, गुरुजी." एवढंच.

पुढचे चार-पाच महिने खाकी कापड दिसलं की मी गल्ली बदलायचो. एकदा सकाळी फळीतून खाकी बाही दिसली. समन्स आलं म्हणून मी आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे जाऊन बसलो. बाहेरून हाक आली, "गुरुजी, पोस्ट!" देवराव होता. नवा गणवेश, खांद्याला पिशवी, हातात माझ्या बहिणीचं कार्ड. मी कोंडा झटकत बाहेर आलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काऊन गुरुजी, उंदीर धरून राह्यले का?" त्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्या ओट्यावर टेकला. मग पत्र नसलं तरी टेकू लागला, निवृत्तीनंतरही. बंब मिळाला नाही. मला समन्सही आलं नाही. ठाण्याचा विषय त्याने कधी काढला नाही आणि मी... मी कशाला काढतो!

जीभ बरी झाल्यावर गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच्या घरी गेलो. कौसाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्याची खुर्ची खिडकीशी तशीच होती. तिच्यावर बसवेना म्हणून खाली सतरंजीवर बसलो आणि इतक्या वर्षांनी धीर करून एकदाचं सांगून टाकलं, "वहिनी, त्या वेळी देवरावचं नाव मीच दिलं होतं."

त्यांनी सुपातून नजरही उचलली नाही. "माहीत हाये. शिपायानं नयावर बादली भरतानाच सांगतलं होतं, गुरुजीनं नाव देलं म्हनून. यायनंबी आयकलं. म्हनून तं तुमच्याच दारात आली मी, आन् मुद्दाम मोठ्यानं बोलली. चारचौघात इज्जत गेली असती म्हनून निघाले तुम्ही, नाही तं तुमच्यावानी भेकड मानूस घराबाहेर पडला असता काय?"