बिनतेलाच्या पिंजऱ्यातले शेंगदाणे

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारे मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. पण उंदरांसकट सगळे आपल्याला मामाच म्हणतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

यंदा डावीकडच्या उंदरांना तेलातलं खाणं होतं, उजवीकडच्यांना बिनतेलाचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "मामा, यकृतातली एन्झाइम्स झोपेचं औषध मोडून टाकतात. खाण्यात तेल-तूप नसलं की ती सुस्तावतात. औषध अंगात रेंगाळतं, झोप लांबते." म्हणजे उजवीकडच्यांनी जास्त वेळ झोपायला हवं.

औषध टोचलं. सगळे आडवे झाले. आणि डावीकडच्यांच्या बरोबरीनं उजवीकडचेही मिश्या झाडत उठून बसले!

बाईंनी विचारलं, "मामा, यांना दुसरं काही मिळालं का?"

"माझ्या हातून? शपथ घेतो!"

"तसं नाही... पण किल्ली तुमच्याकडेच असते."

इतक्या वर्षांत बाईंनी 'पण' म्हटलं नव्हतं. तो एवढासा शब्द मामांच्या जिव्हारी लागला.

पिंजरे साफ करताना भुशात शेंगदाण्याची सालं निघाली, तीही फक्त उजवीकडे. मामांनी ती मुठीत गोळा केली. ते पाण्याच्या बाटल्या धुवायला गेले की खोलीत एकच माणूस उरायचं. डबा घेऊन येणारी त्यांची बायको.

घरी गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, "तू घातलेस?"

"चार दाणे घातले तर काय आभाळ कोसळलं? रोज घरी येऊन कोण रडायचं, 'बिचाऱ्यांना कोरडं गिळावं लागतं' म्हणून?"

"मी नुसता रडायचो! दाणे घाल म्हणालो होतो?"

"मला काय ठाऊक, नुसतं रडायचं असतं ते!"

मामांना हसू येईना. उंदीर तर उंदीरच. खाल्ल्या दाण्याला जागून उठले. पण ही माझ्या भरवशाला जागली का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना खरं सांगितलं. "माझ्या घरच्याच माणसानं घातले. मीच तिला आत बसवत होतो."

बाईंनी वहीतल्या नोंदींवर काट मारली. मग म्हणाल्या, "नवे उंदीर मागवू. पुन्हा पहिल्यापासून करू. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. पण मामा, आत दुसरं कुणी नको."

दुपारी बायको दारात आली. मामांनी डबा घेतला आणि आतून कडी लावली.

जरा वेळानं बाहेरून आवाज आला, "अहो, भाजीत मीठ कमी पडलंय."

मामांनी कडी काढली नाही. स्टुलावर बसून ते अळणी भाजी गिळत राहिले.