तय्यबाची धार

बाणाच्या पात्याची धार केसांवर तपासता तपासता तय्यबाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला, तेव्हा कुठे नझीरच्या डोक्यात प्रकाश पडला की बायको थट्टा करत नाहीये.

"मम्मी, युवर आर्म लुक्स लाइक अ चिकन," हुस्ना म्हणाली.

"चिकन तर चिकन. धार बघ, धार!"

तिरंदाजी क्लबची टोळी आफ्रिकेत हरणाच्या शिकारीला निघाली होती आणि या नवराबायकोचीही नावं त्यात होती. क्लबात तिरंदाजी शिकवणाऱ्या उस्ताद अम्मारची अट एकच. निघण्याआधी प्रत्येकाच्या बाणाचं पातं तो ताणलेल्या रबरबँडवर टेकवणार. रबर तुटलं तर शिकार, नाही तुटलं तर जीपमध्ये बसून फोटो काढा. तय्यबाला फोटो काढायचे नव्हते. बिस्मिल्ला म्हणून सोडलेला बाण धारेनं कापत गेला पाहिजे, नुसत्या दणक्यानं मेलेलं जनावर खायला चालत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिनं ठरवूनच टाकलं, "जनावर माज्या हातून जाणार, तर धार पण माज्याच हातची."

नझीरचं बहरीनमध्ये, बाब अल बहरीनच्या बाजारात घड्याळांचं दुकान. सीलबंद डबीवर त्याची अपार श्रद्धा. त्यानं कारखान्यातच धार लावलेली पाती मागवली आणि डबी टेबलावर अशी ठेवली, जणू आत मोती आहेत.

"अगो, तिकडे मशीन आहे, लेझर आहे, गोरा माणूस चष्मा लावून बसलाय. तुझ्याकडे काय, तर मासळीच्या सुरीचा दगड!"

"गोरा पगारासाठी बसलाय. मी हरणासाठी बसलेय."

अस्कर गावाकडच्या क्लबच्या मैदानावर पहिली तपासणी झाली. तय्यबाचं पातं हातावरचे केस सपासप काढत होतं, पण रबर नुसतंच ताणलं आणि घसरून गेलं. अम्मारनं पात्याच्या कडेवर नख फिरवलं. नख अडकलं. घासून घासून कडेला धातूची बारीक झालर आली होती आणि तीच एका बाजूला वळली होती.

"उम्म हुस्ना," हुस्नाच्या आईला तो म्हणाला, "ये धार नहीं, धार का कचरा. शार्प है ही नहीं, मफी शार्प! यल्ला, फिरसे."

नझीरच्या पात्यानं रबर टप्पकन तोडलं. नझीर असा काही खूश झाला, की डबीतली सगळीच पाती बाणांना लावून, "कशी उडतात बघू तरी," म्हणत त्यानं निशाणावर सोडली. बाण निशाण फोडून मागच्या रेतीच्या ढिगात घुसले. त्यानं ते उपटले, सदऱ्याला पुसले आणि पाती पुन्हा डबीत मांडून ठेवली.

तय्यबा मात्र घरी येऊन पहिल्यापासून बसली. पात्याच्या कडेला काळं मार्कर फासायचं, दगडावरून हलकेच ओढायचं, काळं कुठं उरलंय ते पाहायचं. एकदा ही बाजू, एकदा ती. झालर निघावी म्हणून शेवटी चामड्यावर.

"माझा बेल्ट कुठाय?" नझीर ओरडला.

"कामावर आहे."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अम्मार रबरबँड घेऊन उभा राहिला. तय्यबाचं पहिलं पातं, टप्. दुसरं, टप्. तिसऱ्याला तर अम्मारनं बोटच मागं घेतलं. "माशाल्ला, उम्म हुस्ना!"

मग नझीरची डबी उघडली. रबर ताणलं, आणखी ताणलं आणि पात्यावरून सुळकन निसटलं. दुसरं तसंच. उरलेलीही तशीच.

"पण ही पॅकिंगमधली आहेत!"

"हां हां," अम्मार म्हणाला, "पॅकिंग बहुत शार्प."

घरी येऊन दार लावल्यावर नझीर हळूच म्हणाला, "तुझ्यातलं एक दे ना गो."

"माजी माज्या बाणांना बसलीत. दगड देते. संध्याकाळी अम्मारच्या घरी दाखवून या, विमान उद्याचं आहे."

जुम्म्याची नमाज पढून आल्यावर नझीर स्वयंपाकघरात बसला. चहा गार झाला. मार्करनं बोटं काळी झाली. हुस्ना आत डोकावली आणि ओरडली, "ओ माय गॉड, टू चिकन्स!"

नझीरनं पातं ऐटीत पुढं केलं. तय्यबानं भाजीच्या जुडीचा रबरबँड काढला, ताणला, टेकवला. रबर घसरलं.

तिनं कडेवर नख फिरवलं, ते झालरीत अडकलं आणि ती थेट अम्मारच्या आवाजात म्हणाली, "मफी शार्प! यल्ला, फिरसे." मग बेल्ट त्याच्याकडे सरकवला.