बोलणारी बाई चालेल, गोळी नको

मामा समोर दिसला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सख्खा मामा आहे, म्हणून गप्प बसते. पण आता सांगतेच.

माझी धाकटी बहीण अमरावतीला आईवडिलांजवळ राहते. घरची फुलशेती. सकाळी आईबरोबर बसून ती हार ओवायची. गेल्या वर्षी तिचं लक्ष उडालं. फुलं घ्यायला आलेली माणसं आपल्याबद्दलच बोलतात, म्हणायला लागली. मग माणसं निघून गेल्यावरही तिला ते बोलणं ऐकू येऊ लागलं. झोप उडाली.

मामा धावून आला. आमच्या घरी त्याचा शब्द शेवटचा. "लग्नाची पोरगी आहे. गोळ्या सुरू झाल्या त कोन करन तिले? एखादी बोलनारी बाई पाहू." म्हणजे त्याला भीती आजाराची नव्हती, घरात सापडणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांची होती. बोलण्याचं काय, मागे काहीच उरत नाही.

अमरावतीत एक मानसशास्त्रज्ञ बाई मिळाल्या. त्यांनी बहिणीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या भेटीत आम्हाला आत बोलावलं. "मी औषध लिहून देऊ शकत नाही. हिला जे आवाज ऐकू येतात, त्यावर आधी औषध हवं. ते मनोविकारतज्ज्ञ देतात, ते मेडिकल शिकलेले डॉक्टर असतात. त्यांना लवकर दाखवा. बोलायला मी आहेच, पण नुसत्या बोलण्यावर हिला ठेवू नका."

याहून स्वच्छ कसं सांगायचं असतं? पण जिना उतरता उतरताच मामा म्हणाला, "हिले सोताले काही येत नाही, म्हनून दुसऱ्यावर ढकलून राहिली." आमच्याकडे हेच चालतं. हे माझं काम नाही म्हणणारा कच्चा, आणि कशालाच नाही न म्हणणारा हुशार!

मग बहिणीला, सोबत आईला, माझ्याकडे अकोल्याला आणलं, इथे कोणी ओळखत नाही म्हणून. अकोल्याची माणसं याच कामासाठी गुपचूप अमरावतीला जातात, हे मला नंतर कळलं. इथल्या समुपदेशक बाईंनीही मनोविकारतज्ज्ञांकडेच जायला सांगितलं. मामाने त्यांनाही बाद केलं. शेवटी त्याला हवा तसा माणूस सापडला. कुठलं तरी शिबिर करून पाटी लावलेला. "गोळ्याबिळ्या काही नको. रोज आरशासमोर उभं राहून 'मी आनंदी आहे' म्हणायचं."

मामा जाम खूश. आणि माझी बहीण आरशासमोर उभी राहून, रडत रडत, आपण आनंदी असल्याचं सांगायची. मी भांडले, आदळआपट केली. "तुले काय समजते?" एवढंच उत्तर मिळालं. आई पदराने डोळे पुसायची, पण भावापुढे बोलायची नाही. तिचाही मला राग येतो.

शेवटी बहिणीने आईच्या हातचं जेवण सोडलं. त्यात कोणी काही कालवलंय, म्हणाली. मग पाणीही सोडलं. चक्कर येऊन पडली, तेव्हा मी कोणालाही न विचारता तिला दवाखान्यात नेलं. तिथे मनोविकारतज्ज्ञांनी तिला तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या. हळूहळू ती जेवू लागली, झोपू लागली. थोडी बरी झाल्यावर त्याच डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या मी बघतो, पण बोलण्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडेही जा. दुसऱ्याकडे पाठवण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. अमरावतीला परतल्यावर ती पुन्हा त्याच मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊ लागली. इतके महिने तिने उगाच सोसलं, याचा हिशेब मामाला कोण विचारणार?

परवा वरूडचं स्थळ सांगून आलं. मामा पुन्हा हजर. "पाहुने येऊन जाईपर्यंत गोळ्या बंद ठेव. दोन दिसानं काय होते?"

मी तोंड उघडणार, तोच बहिणीने माझा हात दाबला.

"मामा," ती म्हणाली, "मले जे आवाज यायचे ना, त्यातला एक तुमचा होता. नाटकं करून राहिली, नाटकं करून राहिली, असा दिवसभर. या गोळीनं तो बंद झाला."

तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि त्याच्यासमोरच गोळी घेतली.