नकाशावरची दुसरी लाल रेघ

नकाशावरची दुसरी लाल रेघ मी नंतर ओढली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

शहाद्यातल्या एका अभ्यासिकेच्या नेटवर्कचं काम माझ्याकडे होतं. बारा कॉम्प्युटर, बारा वायरी, वरच्या मजल्यावर जायला एक पाइप, नकाशावर त्याची एक लाल रेघ. झालं नियोजन. पाइप टाकायला गावातले जुने वायरमन होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. स्लॅबमध्ये एक जादा पाइप रिकामा सोडायचा, आत पुढे वायर ओढायला तार, दोन्ही तोंडांना चिंध्यांचा बोळा, ही त्यांची जुनी रीत. स्लॅबच्या सकाळी मिक्सर फिरायला लागला आणि ते खांद्यावर पाइप घेऊन आले.

"भाऊ, अजून एक पाइप टाकी देऊ?"

"चाचा, आठे कोनले जोयजे इतली स्पीड?" इथे एवढा वेग कोणाला हवाय, असं मला खरंच वाटत होतं.

"आज नही, पन उद्या लागी. रिकामा पाइप काय भाडं मांगस का?"

मजूर हसले. ते हसणं मला झोंबलं.

"नकाशात नही ना? मंग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी पाइप भिंतीला टेकवून ठेवला.

काही वर्षांनी रस्त्यावर फायबर आलं. वेग दारापर्यंत आला, आत मात्र ऑनलाइन सराव परीक्षा मध्येच अडकायच्या. कळसाडी, ब्राह्मणपुरीहून एसटीने आलेल्या मुली पडद्यावरचं गोल फिरणारं चक्र बघत बसायच्या. नवी वायर घालावी तर जुना पाइप गच्च. भिंती फोडायची वेळ आली, तेव्हा अभ्यासिकेच्या समितीने विचारलं, दुसरा पाइप का नाही? बैठकीच्या आदल्या दुपारी मी लाल पेन घेतलं आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी ओढली. बैठकीत नकाशा पसरला आणि म्हणालो, "इथे दाखवलाय. टाकणाऱ्याने टाकला नसेल."

चाचांना कोणी विचारलंही नाही. पुढे मोठी कामं त्यांच्याकडे गेली नाहीत. आता ते बसस्टँडमागे पंखे दुरुस्त करतात. मी लांबच्या रस्त्याने जातो. एकदा मात्र समोरासमोर आलो.

"भाऊ, नवी वायर पडनी का?"

"हो."

"बरं जयं," म्हणाले आणि पंख्याचं पातं पुसू लागले. त्यांना त्या रेघेचं माहीत आहे की नाही, मला कळलं नाही. विचारायची छाती नव्हती.

हल्ली प्रत्येक इमारतीत मी एक पाइप रिकामा सोडतो. तार घालतो, बोळा स्वतः बसवतो. साइटवर चहा एकटाच पितो. कोणाशी बोलत बसलो की गोष्ट तिथेच येईल, ही धास्ती.

समितीसमोर, चाचांच्या देखत, एवढं सांगायचं बाकी आहे : त्यांनी विचारलं होतं, नको मी म्हणालो होतो, आणि ती रेघ माझी आहे.